जयपुरी राजीनामा

नवऱ्याला नावाने हाक मारायची सोय मला कोर्टाने करून दिली. केस टाकेपर्यंत नुसतं 'अहो, ऐकलं का?'. केस टाकली आणि कागदावर ठसठशीत आलं: उत्तम, मालगाडीचा गार्ड, जयपूर. म्हटलं, उत्तम तर उत्तम. नावापलीकडे त्यात उत्तम असं काही नव्हतंच.

माणूस वाईट नव्हता हो. दारू नाही, मारहाण नाही, पण घरीही नाही. लता झाली तेव्हा हा फुलेऱ्याला, तिला गोवर आला तेव्हा सवाई माधोपूरला. स्वतःची ड्यूटी संपली की दुसऱ्याची मागून घ्यायचा. नोकरी नव्हे, माझी सवत आहे ती, असं मी आठ वर्षं कानीकपाळी ओरडले. शेवटी पंच्याऐंशी साली सात वर्षांच्या लताला घेऊन जयपुरातच बनी पार्कात खोली केली, शिलाई मशीन मांडलं आणि घटस्फोटाचा अर्ज ठोकला. ब्लाउज शिवून खोलीचं भाडं निघायचं, पण पोरीची शाळा आणि दोघींचं जेवण काही निघत नव्हतं. म्हणून मागणी एकच, महिना तीनशे रुपये पोटगी.

माझे वकील माथुरजी एक दिवस त्याच्याशी बोलून आले. "बधाई हो," म्हणाले, "गार्डसाहब राजीनामे को तैयार हैं. सोमवार को पेश कर देंगे."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. आम्ही भुसावळची माणसं. आमच्याकडे राजीनामा म्हणजे नोकरीला रामराम. पगारच नाही तर तीनशे कुठले? पोटगी चुकवायला नोकरी सोडणारे नवरे मी ऐकून होते, पण हा मेला ही नोकरी सोडेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. माथुरजींचं पुढचं ऐकायला थांबतंय कोण? रिक्षा केली आणि स्टेशन गाठलं.

उत्तम त्याच्या साहेबांच्या ऑफिसबाहेर बाकावर बसला होता, हातात कागद. मी तो हिसकावला. अर्ज इंग्रजीत होता, पण 'रिझाइन' एवढं मला वाचता येत होतं.

"लाज नाही वाटत? पोरीच्या तोंडचा घास काढताय?" रागाच्या भरात अहोजाहो परत आलं.

तो बाकावरून उठला. "तूच मागितलास ना राजीनामा? तुझा वकील म्हणाला, बाई राजीनाम्यालाच अडून बसल्यात. मला वाटलं, इतकी वर्षं घरात म्हणत होतीस तेच आता कोर्टात मागतेस. म्हटलं, सोडतो नोकरी. मग तरी लताला घेऊन परत येशील."

दाराशी बसलेला शिपाई हसला. "बाईजी, हमारे यहाँ राजीनामा तो समझौते को कहते हैं. नौकरी का तो इस्तीफ़ा होता है."

मला आधी हसू आलं, मग भडभडून रडू आलं. मी सांगत होते तेव्हा या माणसाला ऐकू आलं नाही, आणि वकिलाने सांगितलं, तेही चुकीचं कळलं, तर लगेच लिहून मोकळा.

"मग येतेस परत?" त्याने हळूच विचारलं. "म्हणशील तर आत्ता आत देऊन येतो."

खोटं कशाला बोलू, हो म्हणावंसं वाटलं. पण नोकरी सोडून घरात हा करणार काय? महिन्याभरात मला आणि पोरीला झेंडी दाखवायला लागला असता. आणि नोकरी सोडा असं मी कधी म्हटलं होतं? अधूनमधून घरी या, एवढंच तर म्हणत होते. ते त्याला अजूनही कळलं नव्हतं.

मी कागद फाडला. सोमवारी जयपुरी राजीनामा झाला, महिना तीनशे. सहा महिन्यांनी कोर्टाने पुन्हा बोलावलं, दोघं वेळेवर हजर झालो आणि घटस्फोटावर शिक्का बसला.

बाहेर आल्यावर उत्तम म्हणाला, "दर एक तारखेला पैसे मी स्वतः आणून देत जाईन."

"मनीऑर्डर करा."

"चार पावलांवर तर खोली आहे तुझी. पोस्टाला कशाला पैसे द्यायचे?"

"तरी मनीऑर्डरच करा," मी म्हटलं.

स्वतः आला असता तर मी चहा टाकला असता, आणि तो बसलाही असता. मग केलंसवरलं सगळं मुसळ केरात.