पूल ओलांडेपर्यंत

सगळं बंदर तिला वहिनी म्हणायचं. मोठी जहाजं दोराने ओढणारी टगबोट ती चालवायची; तिच्यावरचा खलाशी तिचा सख्खा दीर होता आणि तो दिवसातून शंभरदा डेकवरून "वहिनी, ओ वहिनी" करून ओरडायचा. मग क्रेनवाले, जहाजांना बंदराची वाट दाखवणारे पायलट, सगळ्यांनाच ती सवय लागली. बंदराचा अधिकारी तेवढा कप्तान म्हणायचा.

आधीची पद्धत अशी होती, की मोठ्या जहाजाला धक्क्यावरून काढून वाटेला लावलं की टगबोटींनी दोर सोडून परतायचं. पुलाखालून जहाज आपलं आपण जाई. वहिनीला हे कधीच पटलं नाही. पूल ओलांडेपर्यंत मागे एक टग बांधलेली हवीच, असा तिने हट्टच धरला. अर्ज केले, मीटिंगांमध्ये सगळ्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे तीन महिन्यांची चाचणी पदरात पडली.

शेवटच्या आठवड्यात अधिकारी म्हणाला, "ऐंशी जहाजं गेली, कप्तान. एकालाही तुमची गरज पडली नाही."

"नाही पडली, हे बरंच झालं की," ती म्हणाली. पण बोटीवर परतली ती तोंड पाडूनच.

मंगळवारी सकाळी कंटेनरचं एक अवाढव्य जहाज निघालं. वहिनीची टग मागून बांधलेली. पूल नजरेच्या टप्प्यात आला आणि जहाजाची घरघर एकाएकी थांबली. वायरलेसवर जहाजावरच्या पायलटचा आवाज आला, "वहिनी, वीज गेली! सुकाणू हलत नाही. तोंड उजवीकडे फिरतंय, थेट खांबावर!"

"शेपूट उजवीकडे ओढू?"

"ओढा! जेवढा जोर आहे तेवढा!"

खाली डेकवरून दीर ओरडला, "वहिनी, उजवीकडेच तर चाललंय ते! डावीकडे ओढा!"

"मागचा भाग उजवीकडे गेला की तोंड डावीकडे येतं, भाऊजी! आधी त्या दोरापासून लांब व्हा!"

दोर ताठ झाला. टग इतकी कलली की पाणी डेकवर चढलं आणि कपबश्या खळ्ळकन फुटल्या. वर पुलावर एक बस चालली होती, खिडक्यांतून माणसं दिसत होती. वहिनीने तिकडे बघायचंच नाही असं ठरवलं. मिनिटभर काही म्हणता काही घडेना. मग जहाजाचं तोंड जडपणे, मनाविरुद्ध वळावं तसं डावीकडे सरकू लागलं. खांबापासून जेमतेम दोन होड्या मावतील एवढं अंतर ठेवून ते पुलाखालून निघालं. पलीकडे तिने त्याला मागे खेचत खेचत थोपवलं आणि नांगर पडला.

तेव्हा कुठे तिने सुकाणूवरचे हात काढले. ती खाली बसली. दीर धावत वर आला, "मी आपलं उगाच..." म्हणाला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

"रडता काय? पाणी आणा मला," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली.

दुपारी अधिकारी स्वतः धक्क्यावर आला. "मी हे बंद करायचं पत्र लिहून ठेवलं होतं," तो म्हणाला. "आत्ताच फाडून आलो. उद्यापासून प्रत्येक मोठ्या जहाजामागे टग राहील. पण बाकीच्या कप्तानांना शिकवणार कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या छोट्याशा केबिनमध्ये पाच टगचे कप्तान दाटीवाटीने बसले होते. टेबलावर बुटांचा रिकामा खोका होता, त्याला मागून सुतळी बांधलेली. वहिनीने सुतळीचं टोक सगळ्यात म्हाताऱ्या कप्तानाच्या हातात दिलं.

"हं, काका," ती म्हणाली, "आता वाचवा पूल."