घरधनी

आबकारीच्या जमादारानं कणगीमागचं मडकं बाहेर ओढलं, तोंडावरचं फडकं काढून वास घेतला आणि कस्तुराबाईला विचारलं, घरधनी कुठं आहे? मडक्यात गुळाची दारू होती. ती तिनंच गाळली होती. त्यावरच तिची चूल पेटायची. तसं सांगायला तिनं तोंड उघडलंही, पण जमादाराला बाईशी देणंघेणं नव्हतं. घरातला माल घरधन्याचा, असंच सरकार धरतं, म्हणाला. उंबऱ्याशी पुरुषी वहाणा होत्या, नुकतंच तेल पाजलेल्या. पंचनाम्यात त्याही लिहिल्या गेल्या.

वहाणा तिच्या नवऱ्याच्या, हरिबाच्या. हरिबा सात वर्षांपूर्वीच तुळजापूरला दुसरीच्या घरी राहायला गेला होता. एकट्या बाईच्या दारात पुरुषाच्या वहाणा दिसल्या की अपरात्री कुणी कडी वाजवत नाही, म्हणून ती दर सोमवारी त्यांना तेल लावायची. गावाला सगळं ठाऊक होतं. पण कुणी तिच्या तोंडावर बोलत नसे, आणि आता सरकारी भानगडीत पडायलाही कुणी तयार नव्हतं.

शिपायांनी माग काढून हरिबाला तुळजापुराहून धरून आणलं. कचेरीत मुन्सिफापुढं त्यानं हात जोडून सांगितलं, आपण त्या घरात राहत नाही. मुन्सिफ भला माणूस होता. त्यानं कस्तुराबाईला दोनदा विचारलं, हा तुझा नवरा घरी राहतो की नाही? तिनं नाही म्हटलं असतं तर हरिबा तिथूनच सुटला असता. तो तिच्याकडं बघत होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. कस्तुराबाईनं पदर पुढं ओढला.

"राहत्यात," ती म्हणाली.

हरिबाला तीन महिन्यांची कैद झाली. पहिल्याच भेटीला ती भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून धाराशिवच्या तुरुंगात गेली. त्यानं फडक्याला हातही लावला नाही.

"दारू तुझी व्हती."

"व्हय."

"मंग खरं का न्हाय सांगितलंस? तिकडं माझं लेकरू तापानं फणफणलंय."

लेकराचं तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. तिनं फडकं पुन्हा गजांजवळ सरकवलं.

"साहेबानं भर कचेरीत तुमाला माझा नवरा म्हणलं," ती म्हणाली. "मंग मी न्हाय कसं म्हणू?"