दाणा मागे फिरला

“तो आत गेला आणि परत यायचंच विसरला तर?”

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज वर्गातल्या टोळीने लावली होती. त्यांना वाटलं, ही ऐन वेळी शेपूट घालणार. गेल्या वर्षी घातलीही असती. पण डोळ्यामागे गाठ आहे हे कळल्यापासून माझी भीडच चेपली आहे.

चुंबकवाल्या ताई हसल्या नाहीत. हॉस्पिटलातलं चुंबकाचं यंत्र त्या चालवतात. कणीएवढा रोबो, ज्याला त्या दाणा म्हणतात, रक्तवाहिनीत सोडायचा, बाहेरून चुंबकाने ओढत गाठीपर्यंत न्यायचा आणि तिथे औषध सोडायला लावायचं. दुसरा मार्ग म्हणजे कवटी उघडून शस्त्रक्रिया. त्यात डावा डोळा जाण्याची भीती. बाबांना दाणा हवा होता, आईला शस्त्रक्रिया. “निदान डॉक्टरांचा हात तरी दिसतो,” ती म्हणायची. आठवडाभर दोघं स्वयंपाकघरात कुजबुजत भांडत होते, मला ऐकू येत नाही असं समजून. अहो, गाठ डोळ्यामागे आहे, कानात नाही!

“विसरला तर अडकतो,” ताई म्हणाल्या. “नंतर विरघळतो. पण तोवर त्या नळीच्या पुढे रक्त जात नाही. हात लुळा पडू शकतो. बोलणं जाऊ शकतं.”

“हिचं बोलणं?” बाबा म्हणाले, पण हसू त्यांच्या ओठावरच विरलं.

ताईंनी एक पारदर्शक, रबरासारखं जाळं समोर ठेवलं. आतून कोमट पाणी धडधडत होतं. “या तुझ्याच नसा. स्कॅनवरून बनवल्यात.”

माझं डोकं, ट्रेमध्ये! एरवी मी यावर दहा विनोद केले असते. एकही सुचला नाही.

खोलीत येण्याआधी घड्याळं, किल्ल्या, पट्टे सगळं बाहेर काढून ठेवलं होतं. ताईंनी जाळ्यात सोडलेला दाणा निघाला. पहिला फाटा गेला, दुसरा गेला. तिसऱ्यापाशी आईला राहवलं नाही, ती ट्रेवर वाकली. दाणा थबकला आणि सर्रकन भलत्याच बारीक नळीत शिरला.

“चुकला,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी हात उचलले. “कोणी हलू नका.”

त्यांची नजर आईच्या कॉलरवर गेली. आई शिवणकाम करते. कॉलरच्या आत टाचण्या खोचायची तिची सवय. सांडू नयेत म्हणून घरी त्या ती चुंबकावरच ठेवते, म्हणजे त्याही चुंबकच झालेल्या.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. “हे हिच्या डोक्यात झालं असतं तर...”

“म्हणून तर आधी इथे करून बघतो. आणि दारात मी तपासायला हवं होतं. चूक माझी.”

आई बाहेर टाचण्या ठेवून आली. ताईंनी चुंबकाची ओढ कमी केली. पाण्याच्या दोन ठोक्यांच्या मधे थोडंसं ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. बाबा बस चालवतात. “आरशाशिवाय रिव्हर्स,” ते पुटपुटले. दाणा मागे फिरला, फाट्यापाशी आला, बरोबर वाटेला लागला आणि गाठीला टेकला. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत.

“दर वेळी असा परत येतो?” हा प्रश्न पैजेतला नव्हता.

“नाही,” ताई म्हणाल्या. “कधी कधी नाही येत.”

बाहेरच्या बाकापाशी आई म्हणाली, “बघितलंस ना? शस्त्रक्रियाच करू या.” बाबांनी मान खाली घातली. म्हणजे तेही आता तिच्या बाजूला.  मी दोघांच्या समोर जाऊन उभी राहिले.

“आई, बाबा, बसा जरा. चुकल्याबरोबर ताई थांबल्या. चुकला म्हणाल्या. मग त्याला मागे आणलं. कापताना चुकलं तर काय मागे आणणार? आई, कात्री एकदा चालली की काय होतं, ते तुला मी सांगायचं? मी दाणाच घेणार, आणि याच ताईंच्या हातून. ठरलंय माझं.”