सर्व्हरचा कागदोपत्री मालक

मुख्याध्यापिका बाई दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि पुरावा अगदी निर्धास्त होती.

पुरावा हे काही तिचं खरं नाव नव्हे. घरात कुणी दूध नासलंय म्हटलं तरी "कशावरून?" असं विचारायची तिला लहानपणापासून खोड. पुढे तिने भौतिकशास्त्र घेतलं आणि त्या खोडीला पदवी मिळाली. वहिनी लग्न होऊन आली आणि महिन्याभरात तिने नणंदेचं नव्याने बारसं उरकलं.

चार महिन्यांपूर्वी या दोघींनी वेब होस्टिंग सुरू केलं होतं. लोकांच्या वेबसाइट आपल्या सर्व्हरवर ठेवायच्या आणि त्या दिवसरात्र चालू राहतील हे बघायचं, एवढाच धंदा. सर्व्हर भाड्याचा होता, शहराबाहेरच्या एका डेटा सेंटरमध्ये. ऑफिस म्हणजे दादाच्या जागेतली मागची खोली. दादा कवळ्या बनवायचा. पुढच्या खोलीत त्याचं घासायचं चक्र दिवसभर घुरघुरत असे. तिथे जागा पुरत नाही म्हणून प्लास्टरचे जबडे मागच्या खोलीतल्या फळीवर वाळत असत. आलेल्या माणसाला आधी ते जबडे दिसत, मग या दोघी.

ग्राहक अकरा. त्यांतला सगळ्यांत मोठा म्हणजे बाईंची कर्णबधिर मुलांची शाळा. आज तिथल्या प्रवेशाचे फॉर्म वेबसाइटवर भरायचे होते, दहा ते पाच, एकच दिवस. पुष्कळशा आईबापांना स्वतःलाच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे फोन करून विचारायची सोय नाही. जे काय करायचं ते पडद्यावर वाचून. बाईंनी काम देताना तीनदा विचारलं होतं, "दोघीच आहात?" आणि मग बजावलं होतं, "प्रवेशाचा दिवस नीट पार पडला तर पुढची तीन वर्षं तुमच्याकडे. नाही तर त्याच दिवशी आपला रामराम."

"फॉर्म चालू आहे ना?" बाईंनी आता दारातूनच विचारलं.

"हो बाई, दहाच्या ठोक्याला," पुरावा म्हणाली. "काही बिघडलं तर मिनिटाभरात आम्हाला ईमेल येते. सकाळपासून एकही आलेली नाही."

"मग हे काय?" बाईंनी फोन पुढे केला. त्यावर आईबापांचे मेसेज होते, एकाखाली एक, आणि प्रत्येकासोबत कोऱ्या पांढऱ्या पडद्याचा फोटो. एकाने फक्त प्रश्नचिन्हं पाठवली होती. सतरा होती ती. पुरावाने मोजली, कारण गोंधळली की ती मोजायला लागे.

तिने स्वतःच्या संगणकावर पान उघडलं. फॉर्म समोर दिसत होता, शाळेच्या बोधचिन्हासकट.

"उघडतंय की!"

वहिनीने स्वतःच्या फोनवर पाहिलं. कोरं.

"दादा, शाळेची साइट उघड रे!" पुरावाने हाक मारली.

चक्र थांबलं. "पांढरी झालीये," पुढच्या खोलीतून आवाज आला. "पांढऱ्या रंगात माझा हातखंडा आहे, पण ही काही मी केलेली नाही."

एकाच खोलीत एकच साइट दोन फोनांवर बंद आणि एका संगणकावर चालू. पुरावाला हे पटेना. फोनचं नेटवर्क गेलं असेल म्हणावं, तर दुसऱ्या साइट उघडत होत्या. सर्व्हर बंद म्हणावं, तर समोर फॉर्म दिसत होता. चालू म्हणावं, तर सतरा प्रश्नचिन्हं कुठून आली? तिने कागदावर तीन शक्यता लिहिल्या आणि तिन्ही खोडल्या.

"अगं, कागद काय रंगवतेस," वहिनी म्हणाली. "त्या फॉर्मात काहीतरी भरून तर बघ."

पुरावाने भरलं आणि 'पाठवा' दाबलं. चक्री फिरत राहिली, फिरतच राहिली. आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला, पण तो काही सुखाचा नव्हता. साडेनऊला तिने हे पान उघडून पाहिलं होतं. संगणकाने त्याची प्रत जपून ठेवली होती आणि आता तो तीच इमानदारीने दाखवत होता. मघापासून ती शिळं पान बघत बसली होती.

"म्हणजे बंद आहे," बाई म्हणाल्या.

"बंद आहे," पुरावा म्हणाली. "पण मग ईमेल का नाही आली?"

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. "ती ईमेल पाठवतं कोण?"

"आपल्या सर्व्हरवरचा एक प्रोग्रॅम..." पुरावाचं वाक्य तिथेच अडलं.

"वा!" वहिनी म्हणाली. "म्हणजे बेशुद्ध पडणाऱ्यालाच सांगून ठेवलंस, बेशुद्ध पडलास की हाक मार."

आता करायचं एवढंच होतं की डेटा सेंटरच्या साइटवर लॉगिन करून सर्व्हर बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. पुरावाने पासवर्ड टाकला. पडद्यावर आलं: 'आपल्या ईमेलवर सहा अंकी कोड पाठवला आहे.' तिने ईमेल उघडायला घेतली आणि हात तसाच थांबला. त्यांची स्वतःची ईमेलही त्याच सर्व्हरवर होती. दुसऱ्याच्या साइट सांभाळणाऱ्याची ईमेल परक्याच्या घरी असावी हे तिला कमीपणाचं वाटलं होतं.

वहिनीने डेटा सेंटरला फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"तुमच्या नोंदलेल्या ईमेलवरून आम्हाला लिहा," पलीकडचा माणूस म्हणाला.

"ती ईमेल बंद आहे."

"का?"

"सर्व्हर बंद आहे म्हणून."

"मग आधी सर्व्हर चालू करून घ्या."

"अहो साहेब, त्यासाठीच तर तुम्हाला फोन केलाय!"

"मॅडम, तुमचं म्हणणं मला समजतंय," तो माणूस अशा सुरात म्हणाला की त्याला काहीही समजलेलं नाही हे स्पष्ट व्हावं. "ज्यांच्या नावावर खातं आहे त्यांनी ओळखपत्र घेऊन व्हिडिओवर यावं. नाव पुरुषाचं दिसतंय."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सर्व्हर भाड्याने घेतला तेव्हा फर्मची नोंदणी झालेली नव्हती, म्हणून खातं दादाच्या नावाने उघडलं होतं. नंतर बदलू म्हणाल्या होत्या. ते 'नंतर' अजून यायचं होतं.

दादाला कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेल्या हातांनिशी कॅमेऱ्यासमोर बसवलं. ओळखपत्र वहिनीने त्याच्या गालाला लावून धरलं.

"सर्व्हरचे मालक आपणच?"

दादाने बायकोकडे पाहिलं. "कागदोपत्री."

"सक्तीने रीस्टार्ट करू? अर्धवट लिहिलेली माहिती जाऊ शकते. धोका समजून सांगताय ना?"

"एक मिनिट," दादा म्हणाला आणि बहिणीकडे वळला. "काय जाऊ शकतं?"

"फॉर्म दहाला सुरू होणार होते, त्यात भरलेलं काहीच नसेल," पुरावा कुजबुजली. "बाकीच्यांचा बॅकअप पहाटेचा आहे. हो म्हण."

"पण तो मला विचारतोय, मला समजलं का. मला नाही समजलेलं."

"दादा, हो म्हण!"

"सर, खोलीत आणखी कोणी आहे का?" पडद्यातल्या माणसाने संशयाने विचारलं. "आपल्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"लग्नापासून आहे," दादा म्हणाला. "करा रीस्टार्ट."

अकरा वाजून पाच मिनिटांनी फॉर्म उघडला. या वेळी पुरावाने तो चार वेगवेगळ्या फोनांवर उघडून पाहिला, त्यांतला एक शेजारच्या चांभाराचा. बाईंनी आईबापांना मेसेज केला की मुदत सातपर्यंत वाढवली आहे. पहिला फॉर्म आला, दुसरा आला. बाई मात्र खुर्चीवरून उठल्या नाहीत.

"बंद का पडला होता?" त्यांनी विचारलं.

पुरावाने सर्व्हरची नोंदवही चाळून पाहिली होती. नऊ एक्केचाळीसपर्यंत सगळं सुरळीत आणि पुढे काहीच नाही, ना चूक ना इशारा, जशी बोलता बोलता कुणी मान टाकावी.

"तांत्रिक कारणास्तव, बाई," वहिनी गोड आवाजात म्हणाली. "असं होतं कधीकधी..."

"नाही," पुरावा म्हणाली. "कारण मला माहीत नाही. आणि मघाशी चालू आहे म्हणाले, तेही मला माहीत नव्हतं. नुसतं वाटत होतं."

वहिनीने टेबलाखालून तिला पायाने डिवचलं, पण उशीर झाला होता.

बाई थोडा वेळ जबड्यांकडे बघत राहिल्या. "यंत्र बंद पडतं, त्याचं मला फारसं नाही," त्या म्हणाल्या. "माझी अडचण वेगळी आहे. तुमच्याआधी ते मला कळलं. हे पुन्हा होणार नाही हे मला दाखवा. सांगू नका, दाखवा. साताला फॉर्म बंद झाले की मी परत येते. तेव्हा ठरवू रामराम घालायचा की नाही."

दुपारभर पुरावाने ते काम केलं जे तिला पहिल्या दिवशी कमीपणाचं वाटलं होतं. एका दुसऱ्याच होस्टिंग कंपनीकडे ती ग्राहक म्हणून गेली. आपली ईमेल तिकडे हलवली आणि पहारेकरी प्रोग्रॅमही तिकडेच बसवला, म्हणजे तो बाहेर राहून दर मिनिटाला सर्व्हरला हाक मारील आणि उत्तर नाही आलं तर दोघींच्या आणि बाईंच्याही फोनवर मेसेज टाकील. त्या कंपनीच्या फॉर्ममध्ये शेवटचा प्रश्न होता: 'आमची सेवा का निवडलीत?'

"काय लिहू गं?"

"लिही की आम्हीही हीच सेवा देतो," वहिनी म्हणाली, "म्हणून आमचा तिच्यावर विश्वास नाही."

सात वाजून दहा मिनिटांनी बाई आल्या. छप्पन्न फॉर्म आले होते. वहिनीने बाकीच्या दहा ग्राहकांना पाच मिनिटं सेवा थांबेल असं आधीच कळवलं होतं. पुरावाने माउसवर बोट ठेवलं. चार महिने जे बंद पडू नये म्हणून ती जिवाचं रान करत होती, ते धडधाकट चालू असताना तिने स्वतःच्या हाताने बंद केलं.

वीस सेकंद गेले, मग तीस. पुरावा मनात मोजत होती आणि पन्नाशीला तिचा आकडा चुकला. आपण जोडणी उलटी तर नाही केली? पहारेकऱ्याला पत्ताच चुकीचा दिला असेल तर?

टेबलावरचा बाईंचा फोन थरथरला. त्यांनी चष्मा वर सरकवून वाचलं: 'सर्व्हर उत्तर देत नाही.' पाठोपाठ वहिनीचा वाजला, मग पुरावाचा.

तेवढ्यात पुढच्या खोलीत काहीतरी खळकन पडलं आणि दादा एका हातात फोन, दुसऱ्यात खालची कवळी घेऊन धापा टाकत आत आला. कागदोपत्री मालक म्हणून त्याचाही नंबर यादीत घातला होता, पण चाचणीचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"अगं, बंद पडलाय!" तो ओरडला. "मला मेसेज आलाय! ओळखपत्र कुठंय माझं?"

बाई दिवसभरात पहिल्यांदा हसल्या. "चला, मालकांपर्यंत पोचलं," त्या म्हणाल्या आणि पर्समधून पेन काढलं. "आणा तो तीन वर्षांचा करार. आणि नऊ एक्केचाळीसला काय झालं ते कळलं की मला लिहा. नाही कळलं, तर तसं लिहा."