पंखा बंद असेपर्यंत

शेवटचा आकडा थांबत नव्हता. चार, सात, पुन्हा चार, मग दोन... बाटली वजनकाट्याच्या मधोमध उभी होती, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून टेबलाचं हलणंही बंद केलेलं होतं, तरी तो सगळ्यात उजवीकडचा आकडा झोपेतल्या पापणीसारखा फडफडतच होता... पंखा. दुसरं काय असणार. दामिनीने मान वर करून पाहिलं. अकोल्याच्या या दिवसांत भरदुपारी पंखा बंद करायचा म्हणजे — आणि पंख्याच्या अगदी खाली, पलंगावर, गीतू झोपलेली, एक पाय उशीवर टाकून, तोंड अर्धवट उघडं ठेवून, कपाळावरच्या विरळ केसांना वारा लागतोय... काट्याला वारा चालत नाही आणि लेकराला वाऱ्याशिवाय झोप नाही. या दोघांचं हे रोजचं भांडण, आणि मधे मी.

तिने बटण दाबलं. पाती दिसायला लागली, मग मोजता येतील इतकी मंद झाली, मग थांबली. आकडाही थांबला. आता गीतूच्या मानेला घाम फुटेपर्यंतचा वेळ तेवढा आपला.

बाटलीसकट काटा शून्यावर आणायचा. मग ग्लिसरीन — ते सावकाश येतं, मधासारखी तार धरून, आणि ठरलेल्या आकड्याच्या जरा आधीच हात वळवावा लागतो, कारण हात वळल्यावरही तार तुटेपर्यंत थोडं पडतंच. हे तिला केकमुळे ठाऊक होतं. काटाही केकसाठीच घेतलेला, ग्लिसरीनही केकसाठीचंच, वाढदिवसाच्या केकवरच्या साखरेच्या फुलांना भेगा पडू नयेत म्हणून आणलेलं. आता केकचा काटा वेगळा होता आणि या काट्याच्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. पुन्हा शून्य. मग दुसरं पातळ द्रव, पाण्यासारखं. पुन्हा शून्य. मग आंब्याचा अर्क, आणि तो उघडला की सगळ्या खोलीत आंब्यांचा सीझन. प्रत्येक वेळी आधीचं सगळं पुसून टाकून काटा नव्याने शून्य दाखवतो हे तिला पहिल्यांदा फार आवडलं होतं. बाटलीत सगळं असतं, काट्याला काहीच आठवत नसतं.

सगळ्यात शेवटी भुऱ्या शिशीतलं. निकोटीन.

ती शिशी आज कपाटावरच्या कुलपाच्या डब्यातून काढून टेबलावर ठेवलेली होती. कितीतरी खेपांनंतर.

बाहेरच्या खोलीत आशाबाई, तिच्या सासूबाई, ओल्या पोत्यावर झेंडू पसरून हार ओवत बसल्या होत्या. नितेशचं फुलांचं दुकान, आणि उद्या कुणाकडे तरी साखरपुडा. नितेश पहाटेच गाडी घेऊन अमरावतीच्या बाजारात गेला होता, शेवंती आणायला. जाताना दारातूनच रिकामी बाटली तिच्या हातात देऊन म्हणाला होता, "येईलोक भरून ठेवजो." बस, तेवढंच. बाजूच्या बायकांना आशाबाई सांगतात, आमच्या नितेशले डॉक्टरनं वाफेचं औषध देलं, तोंडासाठी. पोराच्या तोंडातून चुन्याचा वास येत होता बाप्पा, आता आंब्याचा येते. डॉक्टरने तसं काही दिलं नव्हतं. डॉक्टरने फक्त म्हटलं होतं, तोंड उघडा. आणखी उघडा. आणि मग, उघडलं एवढंच?

तीन बोटं एकावर एक उभी आत जायला हवीत, डॉक्टर म्हणाला होता. नितेशची दोनच गेली, तीही दातांना घासत. आठवीपासूनचा खर्रा — सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटघोटून केलेला तो ओलसर भुगा, गालात धरून धरून गालच आतून दोरीसारखा आवळत आलेला. सोडला तर इथंच थांबेल, नाही सोडला तर आवळत जाईल, आणि पुढचं तुम्ही समजदार आहात. त्या संध्याकाळी परत येताना त्यांनी गुपचूप खाल्लं होतं, आपली पाणीपुरीच, नेहमीच्या गाडीवर. अख्खं गुपचूप त्याच्या तोंडात जाईना. त्याने ते मधून तोडलं, पाणी शर्टवर सांडलं, आणि तो हसला, गाडीवाल्याकडे बघत म्हणाला, "भाऊ, लेडीज साईजचे नाही काय तुमच्यापाशी?" गाडीवालाही हसला. मी हसले नाही. मी पोटावर हात ठेवून उभी होते, आत गीतू होती.

तर मग गजेंद्रने, त्याच्या मोबाइलच्या दुकानवाल्या मित्राने, ते वाफ ओढायचं यंत्र, ई-सिगारेट, आणून दिलं, बोटाएवढं, आणि ही भुरी शिशी. "बंदी आहे, पण भेटते," म्हणाला. खर्रा सुटेपर्यंत ओढ, मग हेही सोड. नितेशने पहिली बाटली अंदाजाने केली, थोडं हे थोडं ते, आणि दोन झुरक्यांत भिंत धरून बसला, घामाने गार, ओकाऱ्या काढत. दामिनीने बाटली त्याच्या हातून ओढून घेतली होती. हे असं अंदाजाने नसतं करायचं. वजनाने करायचं.

"काय वं, केक आहे काय तो?"

"केकच समज."

आणि तिला तेव्हा — हे तिने कुणाला सांगितलं नसतं — बरं वाटलं होतं. भिंत धरून बसलेला तो मोठा माणूस, आणि त्याला काय किती मिळायचं ते माझ्या हातात...

पहिल्यांदा कमी पडलं ते चुकून. गीतू रडत उठली, हात थांबला, निकोटीन निम्मंच पडलं, आणि तिने बाटली तशीच बंद करून ठेवली. नितेशला कळलं नाही. पुढच्या खेपेला तिने मुद्दाम कमी टाकलं. त्याच्या पुढच्या खेपेला त्याहून कमी. प्रत्येक वेळी तो पहिला झुरका घ्यायचा आणि ती भाजी ढवळत पाठमोरी थांबायची, आणि तो म्हणायचा, "आज बेस झालं." एकदा तर म्हणाला, कडक झालं वं आज. त्या दिवशी बाटलीत आंबा आणि ग्लिसरीन सोडून काही नव्हतं. तिला हसू आलं. मग काहीतरी दुसरंच वाटलं, एकटं, जसं एखाद्याला आपण झोपेत बोलताना ऐकतो आणि सकाळी त्याला ते सांगत नाही... त्यानंतर भुरी शिशी डब्यातून निघालीच नव्हती.

आशाबाई गीतूचं दूध तोडायच्या मागे लागल्या होत्या. दीड वर्षाची होत आली, कधीलोक पाजशीन? कडुलिंबाचा पाला वाटून लाव, दोन दिवसांत सोडते. नितेशचंही मी लहानपणी तसंच सोडवलं होतं, त्या म्हणायच्या. दामिनीने पाला आणलाही होता. वाटलाही. आणि गीतू नेहमीसारखी, विश्वासाने, डोळे आधीच मिटून जवळ आली तेव्हा तिला ते लावून बसवेना. तिने पुसून टाकलं. लेकीला ती एवढंसं फसवू शकली नाही. नवऱ्याला फसवताना मात्र हात कधी थरथरला नाही. असं का, हा विचार भांडी घासताना यायचा आणि नळाच्या आवाजात जायचा.

आज सकाळी त्याची कालची पँट भिजवायला घेतली तेव्हा खिशात पन्नी हाताला लागली.

लहान, घट्ट, सुपारीएवढी गोळी, वर रबर गुंडाळलेलं. तिने ती ओट्यावर ठेवली आणि नुसती बघत राहिली. रबर न सोडलेलं होतं की सोडून पुन्हा लावलेलं? पूर्ण होती की अर्धी? अर्धा खर्रा किती असतो... मी सगळं तोलते, हे कसं तोलू? तोलून तरी काय, त्याने किती विकत घेतला होता ते कुठं ठाऊक आहे. पन्नी आता केकच्या रंगांच्या डब्यात होती, गुलाबी आणि पोपटी रंगाच्या मधे.

तर हे असं. मीच पाण्यासारखं केलं त्याचं औषध, आणि पाण्याने तहान भागली नाही म्हणून तो परत खर्र्याच्या टपरीवर गेला. हळूहळू सोडवतेय असं मला वाटत होतं, आणि खरं म्हणजे मी त्याला रिकाम्या हाताने सोडून दिलं होतं, न सांगता. सांगितलं असतं तर त्याने निदान तयारी तरी... म्हणून भुरी शिशी. पुन्हा थोडं टाकायचं. आंब्यात असू दे, गालात नको. मग पुन्हा सावकाश, आणि या वेळी सांगून — सांगून? काय सांगून?

तिने हातमोजे चढवले.

"काहून बंद केला वं पंखा?" बाहेरून आशाबाई. "लेकरू उकडून राहिलं अशीन."

"दोन मिनिटं, आई. वजन करतेय."

"वजनाले पंखा काय करते?"

ओवणाऱ्या सुईचा आवाज येत नाही, पण देठं खुडल्याचा येतो, बारीक, एकामागून एक. गीतूने मान वळवली. मानेच्या घडीत ओल चमकली.

टेबलावरचा फोन थरथरला आणि काट्यावरचा आकडा उडाला. नितेश. ती एक हातमोजा दातांनी ओढणार होती, थांबली, बोटांनी उलटा करून काढला.

"झोपली काय पोट्टी?"

"हो. हळू बोल."

"मूर्तिजापूरले चहा घेऊन राहिलो. शेवंती काय भेटली, पाहशीन तं." मागे कपबशांचा आवाज, कुणाचं तरी हसणं. "बाटली झाली काय?"

"करतेय."

"झाली नाही ना? थांब मंग. या खेपेले जरा कमी टाकजो."

"काय कमी?"

"तेच वं. भुऱ्या शिशीतलं. नाही तं आंबाच कमी करशीन."

"काहून?" तिच्या तोंडून त्याचाच शब्द आला.

"जड जाते आता." बोलताना लाजल्यासारखा आवाज झाला, लग्न ठरल्यावर फोनवर व्हायचा तसा. "होते वं आपल्यानं, दामिनी. मले वाटलं नोतं होईन म्हणून. आता तू कमी करत जाय, सांगून सांगून. मले सांगजो किती केलं ते."

कपाळावरून घाम भुवईत उतरला.

"हॅलो?"

"हो. करते."

"आन ते... कालची पँट धुतली काय?"

"भिजवली."

"खिसे पाहून?"

"का? काही होतं?"

कपबशा. एक ट्रक गेला, बराच लांब.

"नाही. चिल्लर असते कधी."

"चिल्लर नव्हती," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

"बरं. ठेवतो. पंखा बंद आहे काय तुयाकडे? आवाज नाही येऊन राहिला. लाव, पोट्टी भिजन."

फोन ठेवल्यावर खोली आणखी गरम वाटली. कमी टाक. जे नाहीच त्यातून कमी... महिनाभर तो नुसत्या आंब्याच्या वाफेवर स्वतःशी झुंजत होता आणि जिंकत होता, आणि ती झुंज मी आधीच त्याच्या पाठीमागे उरकून टाकली होती. हे सांगितलं तर त्याच्याजवळ काय उरेल? आणि नाही सांगितलं तर त्याने मागितलंय ते कसं देऊ — किती केलं ते सांग, म्हणाला. की जड जातं म्हणजे दुसरीकडून मिळतंय म्हणून जड जातं? गालात ते आणि वरून हे, असं समजून... पण हे तर रिकामंच आहे, रिकाम्याने जड कसं होईल... लाजल्यासारखा बोलला. खोटं बोलतानाही तो तसाच बोलतो का? सात वर्षं या माणसाशेजारी झोपते, आणि मला हे माहीत नाही. पन्नी कदाचित नुसती ठेवली असेल, हात लावून बघायला, आहे आणि खात नाही असं स्वतःला दाखवायला. कदाचित.

तिने भुरी शिशी न उघडताच डब्यात ठेवली, कुलूप लावलं. बाटलीला झाकण बसवलं आणि ती काट्यावरून उचलली. शून्य गेलं. आकड्यांच्या आधी एक आडवी रेघ उमटली. उणे. बाटलीचंच वजन, पण उलटं. काहीच ठेवलेलं नसताना काहीतरी काढून नेल्यासारखं. कमी टाक म्हणाला होता. हे घे.

गीतू उठून बसली होती. रडत नव्हती, केस कपाळाला चिकटलेले, झोपेने जड डोळ्यांनी आईकडे बघत होती. दामिनीने साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, पंखा लावला आणि तिला उचललं. तिची मूठ गरम, ओलसर. ही मूठ नितेश रोज संध्याकाळी तोंडात घेतो, हाप, खाल्ला हात — आणि ही खदखदून हसते. तान्ही होती तेव्हा मनगटापर्यंत जायची. परवा बोटांच्या पेरांशीच अडकली. मोठी झाली वं पोट्टी, तो म्हणाला होता. आणि मीही म्हणाले होते, हो, मोठी झाली. मूठ वाढली की तोंड आवळलं, हे तेव्हा मला विचारावंसंही वाटलं नव्हतं. आता संध्याकाळी तो येईल, गाडीतून शेवंती उतरवील, हात धुवील, हाप म्हणेल, आणि मी तिथंच असेन, दारात किंवा ओट्याशी, आणि बघेन... किंवा भाजी ढवळत राहीन.

"उठली काय माय बाई?" बाहेरून आशाबाई. "आण इकडं, आण."

"आणते, आई."

पण ती हलली नाही. पंख्याने वेग घेतला होता, काट्यावरचे आकडे पुन्हा फडफडायला लागले होते, सात, तीन, पुन्हा सात, आणि त्यांच्या आधीची ती बारीक आडवी रेघ तेवढी जागची ढळत नव्हती. गीतूची मूठ गालाशी धरून दामिनी त्या रेघेकडे बघत राहिली. काटा बंद करायला हवा होता. आकडा थांबावा असं तिला, पहिल्यांदाच, वाटत नव्हतं.