मालकांचा गणपती आणि पेट्रोलची बोट

सरकारनं मालगुजारी काढून घेतली, तरी रघुनाथरावांची मालकी काही गेली नव्हती. गाव गेलं, जंगल गेलं, आजोबांनी बांधलेला तलाव गेला. मिशी आणि मिजास मात्र सरकारला नेता आली नाही. ती दोन्ही रघुनाथराव रोज सकाळी तेल लावून बसवत आणि दिवसभर ओसरीत मिरवत. आता तिथं ती बघायला फारसं कुणी येत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

सौंसरपासून बैलगाडीनं जायचं, तर उन्हं चढायच्या आत पोचता येईल एवढ्या अंतरावर त्यांचं गाव. अनंत चतुर्दशीला गावातले सगळे गणपती तलावावर यायचे. पण तलावाच्या मधोमध, खोल पाण्यात, पहिला जायचा तो मालकांचा. ढीमरांचा, म्हणजे गावच्या कोळ्यांचा, डोंगा घाटाला लागायचा, मालकांचा गणपती त्यात बसायचा आणि तो बुडाल्याशिवाय बाकीच्यांनी पाण्यात पाय घालायचा नाही. यासाठी ढीमरांना बोलावणं धाडायची कधी गरज पडली नव्हती. हुकूम जायचा.

तलाव ढीमरांच्या सोसायटीकडे गेला त्या वर्षी त्यांचा म्होरक्या नत्थूजी घरी आला. ओसरीच्या खालीच उभा राहून अगदी नरमाईनं म्हणाला, "मालक, डोंगा तुमचाच आहे. फकस्त येक डाव मोहल्ल्यात या अन् सुपारी द्या. बाकीचे देतेत तशी."

मागणं केवढं, तर एका सुपारीचं. लग्नाला बोलवायचं, भजनाला बोलवायचं, तर माणूस दारात जाऊन हातावर सुपारी ठेवतो, तेवढंच. पण रघुनाथरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मालकानं ढीमरपुऱ्यात जाऊन सुपारी द्यायची? त्यापेक्षा त्यांनी गणपती घरामागच्या विहिरीत सोडला. पुढच्या वर्षी पुन्हा विहिरीत. त्याच्या पुढच्याही वर्षी. तिकडे तलावात पहिला मान गावाच्या सार्वजनिक गणपतीला मिळत गेला, आणि वाजंत्र्यांचा आवाज विहिरीपर्यंत ऐकू येत राहिला.

मग पांढुर्ण्याला लेकीच्या सासरी, व्याह्यांच्या घरी त्यांनी एका मासिकात चित्र पाहिलं. विलायतेतल्या कुठल्याशा तळ्याच्या काठावर एक साहेब हातात पेटी घेऊन उभा आहे आणि पाण्यात एक लहानशी बोट, आत माणूस नाही न काणूस नाही, पेट्रोलवर पळते आहे. पेटीची कळ दाबली की ती वायरलेसनं वळते. व्याही पुंडलिकराव कापसाचे व्यापारी. त्यांनी ते पान गंमत म्हणून दाखवलं होतं. रघुनाथराव ते पान मागून घेऊनच घरी आले.

"वसंता," त्यांनी मुलाला हाक मारली, "ढीमर नाही पायजे अन् डोंगा नाही पायजे. हे आण."

वसंत नागपूरला विज्ञान शिकून आला होता. गावातले दोन्ही रेडिओ तोच दुरुस्त करायचा. पण त्याला बोटीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला नागपूर हवं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याच्या सरांनी त्याच्यासाठी एक जागा धरून ठेवली होती. दसऱ्यापर्यंत कळव, म्हणाले होते. आणि ते वर्ष होतं छप्पन. नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहणार, हे दिल्लीत ठरून चुकलं होतं. काल-परवापर्यंत राजधानी असलेलं गाव दिवाळीच्या सुमारास परक्या राज्यातलं होणार होतं. एकदा हद्द पडली की इकडच्या पोराला तिकडं कोण विचारतो, ही भीती वसंतच्या पोटात बसली होती. त्यानं बापाला आधी आईकडून, मग स्वतः, असं दोनदा विचारून पाहिलं होतं; दोन्ही वेळा नकारच मिळाला होता. तो एकुलता एक मुलगा. बापाला न सांगता निघून जाणाऱ्यांतला तो नव्हता. तसा असता तर ही गोष्टच घडली नसती.

"पहिले माह्या गणपतीले तलावाच्या मधात पोचव," रघुनाथराव म्हणाले. "मंग जाय जिकडं जायचं तिकडं. मी अडवत नाही."

झालं. त्या दिवसापासून वसंतच्या डोक्यात बोटीशिवाय दुसरं काही राहिलं नाही.

नागपुरात सीताबर्डीवर भैय्याजींचं दुकान होतं. मुंबईहून हौशी लोकांसाठी यंत्राची खेळणी मागवणारे ते एकटेच. बापलेक गेले तेव्हा त्यांनी दोन बोटी काढून टेबलावर ठेवल्या. एक लाल, लांब, निमुळती, चपट्या बुडाची. पितळेची पट्टी अशी चकचकीत की तीत तोंड दिसावं. दुसरी करड्या रंगाची, रुंद, खोल पोटाची, पुढून नाक वर उचललेली. दिसायला बेढब.

रघुनाथरावांनी लाल बोटीवर हात ठेवला. "हे पाय. नवरीवानी दिसते."

"बाबूजी, हे शांत पाण्यातली आहे," वसंत म्हणाला. "पळन जोरात, पण आपला तलाव मधात सोडला तर उथळ. भादव्यात दुपारून वारा सुटला का बारीक बारीक लाटा येकामांगं येक येतेत. चपटं बूड लाटेवर आपटते. त्यात वरतं गणपतीचं वजन. दुसऱ्याच लाटेले उताणी पडन."

"अन् हे म्हैस?"

"हे पाण्यात खोल बसते. नाक वर आहे, म्हून लाट आत घुसत नाही. इंजिन हळू आहे, पण वजन ओढते. वायरलेसचा डबा मेण लावून बंद केला का थेंब जात नाही."

"माह्या गणपतीले म्हशीवर बसवतं काय रे? तो काय यमराज आहे?"

भैय्याजी हसले, पण लगेच गंभीर होऊन म्हणाले, "मालक, पोरगा बरोबर बोलून राह्यला. लाल बोट आंघोळीच्या टाक्यात पळवाची."

रघुनाथराव बराच वेळ दोन्हीकडे आलटून पालटून पाहत राहिले. लाल बोटीवरचा हात त्यांनी काढला तो लहान मुलाच्या हातातून मिठाई काढून घ्यावी तसा. पण काढला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी वसंतचं ऐकलं होतं, आणि वसंतला इतका आनंद झाला की परतीच्या गाडीत तो बोट मांडीवर घेऊनच बसला. वायरलेस वापरायला परवाना लागतो हे त्याला ठाऊक होतं. तो घ्यायचा राहिला, हेही ठाऊक होतं.

खरी अडचण पुढं होती. बोट गणपतीला मधोमध नेईल, पण त्याला पाण्यात सोडणार कोण? पेटीला कळ एकच; दाबली की बोट वळणार, एवढंच. इंजिन एकदा सुरू झालं की पेट्रोल संपेपर्यंत थांबायचं नाही. वसंतनं डोकं लढवलं. बोटीच्या पाठीवर त्यानं शिसवीचा गुळगुळीत पाट बसवला आणि त्यावर मेण घासलं. बोट वाऱ्यानं उलटत नव्हती, पण झटक्यात वळवली की एका अंगाला चांगली झुकायची. तेवढं झुकणं पुरे होतं. मूर्तीच्या वजनाचा दगड पाटावर ठेवून त्यानं पहाटेपासून तालीम केली. दगड दर वेळी गुपचूप घसरून पाण्यात जायचा. काठावर बसलेल्या नत्थूजीनंही एकदा मान हलवली. "जमलं बाप्पा तुले," तो म्हणाला, आणि जाळं खांद्यावर टाकून निघून गेला. वसंतला वाटलं, आता नागपूर आपलं.

चतुर्दशीला वारा सुटला, आणि तोही नुसता नाही. तलाव रवीखालच्या दह्यासारखा घुसळून निघत होता. सगळं गाव काठावर जमलं होतं. पांढुर्ण्याहून पुंडलिकराव आले होते, त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. पलीकडच्या घाटावर सार्वजनिक गणपती डोंग्यात बसून वाट बघत होता. मालकांचा आधी जाऊ द्या, असं नत्थूजीनंच सांगितल्याचं कुणीतरी म्हणालं.

वसंत गुडघाभर पाण्यात वाकून इंजिनाच्या चाकाला दोरी गुंडाळत होता. "सारे मांगं व्हा," रघुनाथराव म्हणाले आणि त्यांनी स्वतः मूर्ती उचलून पाटावर ठेवली. तोंड घराकडे, म्हणजे बाप्पाला परत यायची वाट दिसत राहते. वसंतच्या आईनं, पंचफुलाबाईंनी, दहीभाताची शिदोरी दिली, तीही ठेवली. मग ते मूर्तीवर वाकून राहिले. बराच वेळ. वसंतला वाटलं, निरोप घेत असतील. त्याला एकदम बापाची दया आली.

दोरी ओढली. इंजिन खोकललं आणि धरलं. बोट निघाली.

काय गेली! लाट आली की नाक वर करायची, लाट गेली की पोटावर बसायची, परत पुढं. वरचा गणपती हलला नाही. काठावर 'मोरया'चा असा गजर झाला की पुंडलिकराव खुर्चीवरून उठले. रघुनाथरावांची मान इतक्या वर्षांनी पुन्हा त्या जुन्या जागी जाऊन बसली. बोट मधोमध पोचली आणि वसंतनं कळ दाबली.

बोट झटक्यात वळली, झुकली. गणपती जागचा हलला नाही.

पुन्हा दाबली. पुन्हा वळली, पुन्हा झुकली. गणपती तसाच, काठाकडे बघत. वसंत कळ दाबत राहिला आणि बोट तलावाच्या मध्यावर गोल गोल फिरत राहिली. 'मोरया' हळूहळू विरलं. एक म्हातारी बाई मोठ्यानं म्हणाली, "जाऊन नाही राह्यला वं बाप्पा!" आणि मग काठावर जी कुजबुज उठली तिच्यात हसण्यापेक्षा भीती जास्त होती. विसर्जनाला निघालेला देव जात नाही, म्हणजे काय समजायचं? बायकांनी पदर तोंडाला लावले. शेवटी पेट्रोल संपलं, इंजिन थांबलं, आणि गणपती लाटांवर नुसता हेलकावत राहिला.

आता एकच उपाय होता. नत्थूजी पलीकडे डोंग्यात उभा होता, वल्हं हातात, तोंड इकडे. एक हाक पुरली असती. सगळ्यांनी रघुनाथरावांकडे पाहिलं. रघुनाथरावांनी पाण्याकडे पाहिलं.

हाक गेली नाही. नत्थूजी वाट बघून बघून, हाकेशिवायच निघाला. डोंगा बोटीजवळ नेला, वाकला, कमरेचा कोयता काढून काहीतरी कापलं, आणि मालकांचा गणपती दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावून पाण्यात सोडला. सार्वजनिकच्या आधी. ज्या मानासाठी एवढा आटापिटा केला तो मिळाला. पण न मागता, भिकेसारखा, ढीमराच्या हातून. काठावर 'मोरया' झाला, पण तो नत्थूजीसाठी होता, हे न कळण्याइतके रघुनाथराव भोळे नव्हते.

परत येताना नत्थूजीनं बोट ओढून आणली. तिच्याबरोबर पूजेच्या लाल नाड्याचे तुकडेही आणले आणि मालकांसमोर धरले. "पाटाले लय पक्का बांधला होता मालक," तो साधेपणानं म्हणाला. "तोडाच लागला."

"कोणं बांधला?" पुंडलिकरावांनी विचारलं.

वसंतनं बापाकडे पाहिलं. लाटा पाहून ते भ्याले असतील, मूर्ती काठाशीच, व्याह्यांच्या देखत पडेल असं वाटलं असेल. म्हणून फुलांच्या खालून घट्ट गाठी मारल्या. त्यांच्या तळहाताला नाड्याचा ओला लाल रंग लागला होता. त्यांनी हात धोतरामागं नेले. "पोट्ट्याचं काम," ते पुटपुटले. "बोटच अशी आणली..."

आणि वसंतला त्या माणसाचं असं काही वाईट वाटलं की बस. इतक्या लोकांत उघडा पडलेला म्हातारा बाप. आपण याला एवढं झाकण दिलं, तर हा आपल्याला नागपूर देईल. दिल्याशिवाय कसा राहील?

"हो, मीच बांधला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "लाटा पाहून भेलो मी."

नत्थूजीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि डोंगा वळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंत ओसरीत बापासमोर जाऊन उभा राहिला. सरांना पत्र टाकतो म्हणाला. सोमवारी निघावं म्हणतो.

"कुठं?" रघुनाथराव मिशीला तेल लावत होते. "काल पंचक्रोशीच्या देखत तूच बोलला ना, लाटा पाहून भेलो म्हून? गावच्या तलावाले भेणारा नागपुरात काय करन? तेही दुसऱ्याच्या राज्यात. गुमान घरी राय."

"पण बाबूजी, नाडा तर तुम्हीच..."

"मी?"

रघुनाथरावांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती, चोरटेपणाही नव्हता. खरंखुरं आश्चर्य होतं. एका रात्रीत त्यांनी वसंतचा शब्द खरा मानून टाकला होता. चौकटीत उभ्या असलेल्या पंचफुलाबाईंनी मान खाली घातली आणि त्या आत गेल्या.  साक्षीला बोलवायला अख्खं गाव होतं, पण नाडा मीच बांधला, असं गावाला वसंतनंच सांगून ठेवलं होतं.