सोनटक्क्यांचं लॉगिन

"अंकल, आपका सिस्टम अब म्यूझियम में रखवा देते हैं," अंकुर म्हणाला आणि मीटिंगमधले सगळे हसले. मुरलीधर सोनटक्केही हसले. आपण हसलो नाही की लोक आपलं वय मोजतात, हे त्यांना एव्हाना कळलं होतं.

चंदीगडच्या सेक्टर ३४ मधल्या एका कोचिंग क्लासचं ॲप पंजाब-हरियाणातली हजारो मुलं वापरत. ॲपच्या दारात प्रत्येकाला 'तू कोण?' असं विचारून मगच आत सोडणारा भाग सोनटक्क्यांनी एकट्याने लिहिला होता. त्यांच्या बायकोची, रागिणीची, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातून चंदीगडला बदली झाली, तेव्हा पुण्यातली नोकरी सोडून ते तिच्या मागोमाग आले. इथे त्यांना हेच काम मिळालं आणि त्यांनी ते जीव लावून केलं. आता अंकुरने, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या त्यांच्या साहेबाने, ते बाहेरच्या एका कंपनीच्या सेवेकडे द्यायचं ठरवलं होतं. विद्यार्थ्याला ओळखायचं त्या सेवेने. तिने 'हा तोच' असं सांगितलं की आपल्या सर्व्हरने विश्वास ठेवायचा. ही जोडणी करायची सोनटक्क्यांनी.

त्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. नवी सेवा खरोखरच चांगली होती. ते पुन्हा शिकायला बसले. हाताखाली शिवानी होती. अकोल्याची, पहिलीच नोकरी, सेक्टर २२ मध्ये त्यांच्याच गल्लीत खोली घेऊन राहणारी. दर रविवारी ती त्यांच्याकडे जेवायला येई. पहिल्या रविवारी रागिणीने पिठलं-भाकरी वाढली, तेव्हा पोरगी चक्क रडली होती.

"काका, सेवेचं हे टोकन आपला सर्व्हर दरवेळी नाकारतोय. काऊन होत असंल?" ती ऑफिसात विचारायची.

"वेळ बघ. सर्व्हरचं घड्याळ मागे आहे. सेवेने आत्ता दिलेली परवानगी आपल्याला उद्याची वाटते."

ती हसायची, आणि लगेच दुरुस्त करायची. हुशार होती.

नव्या सेवेचं नियंत्रण करायला फक्त अंकुर आणि सोनटक्के यांनाच खातं मिळालं होतं. शिवानीचं काम अडू लागलं. तिने अंकुरकडे मागितलं, तर तो म्हणाला, "अंकल का यूज कर लो यार." सोनटक्के जरा घुटमळले. पासवर्ड कुणालाही देऊ नका, हे तेच तर सगळ्यांना सांगत आले होते. मग त्यांनी खुर्ची सरकवून स्वतःच तिच्या यंत्रावर तो टाइप करून दिला.

"तुझ्यापासून काय लपवायचं," ते म्हणाले.

ॲपवरच होणारी क्लासची शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली, तशी त्यांना एकच काळजी लागून राहिली. नवी सेवा मोबाईल नंबरवरून ओळखत होती आणि एका नंबरवर एकच खातं ठेवत होती. मीटिंगमध्ये ते म्हणाले, "अंकुरजी, गाव में एक घर में एक ही फोन होता है. दो बहनें, दोनों का नंबर पिताजी का. एक का खाता बनेगा, दूसरी बाहर रह जाएगी. परीक्षा तक पुराना लॉगिन भी चालू रखते हैं. जिसको नया नहीं चलेगा, वो पुराने से आएगा."

"अंकल, आप सोचते बहुत हो," अंकुर म्हणाला. "मैंने ऊपर बोल दिया है, एग्झाम नए सिस्टम पे होगा."

"नया चालू रहने दो. पुराना बस बंद मत करो."

"ठीक है, ठीक है. रहने दो चालू."

हे सगळ्यांसमोर झालं. शिवानी त्यांच्या शेजारीच बसली होती.

परीक्षेच्या सकाळी सोनटक्के ऑफिसात शिरले, तर मदतकक्षातले सगळे फोन एकदम वाजत होते. फोन उचलणारी मुलगी एकटी पडली होती, म्हणून त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवून एक उचलला. अबोहरजवळच्या कुठल्याशा गावातला बाप बोलत होता.

"ओ जी, कंप्यूटर वाले की दुकान से बोल रहा हूँ. वड्डी कुडी अंदर बैठ के पेपर दे रही है. छोटी वाली को लिखा आ रहा है, ये नंबर किसी और का है. मेरा नंबर है जी! मैं किसी और का कैसे हो गया?"

मागे मुलीचं रडणं ऐकू येत होतं. "पापा जी, टाइम जा रहा है," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"उसको बोलो पुराने पासवर्ड से जाए," सोनटक्के म्हणाले. "नीचे लिखा होगा, पुराना लॉगिन."

थोडा वेळ गेला. "नहीं है जी. नीचे कुछ नहीं है."

सोनटक्क्यांनी स्वतःच्या फोनवर ॲप उघडून पाहिलं. खरंच नव्हतं. जुना रस्ता कुणीतरी बंद केला होता. ते धावतच जागेवर गेले. नव्या सेवेत जुन्या लॉगिनची कळ पुन्हा चालू करायला क्षणभर लागला असता. पण बंद करणाऱ्याने जुना भाग सर्व्हरवरूनही काढून टाकला होता. तो परत बसवून, तपासून चालू करेपर्यंत पेपर संपला. शेकडो मुलं बाहेर राहिली होती. बहुतेक घरातली दुसरी, धाकटी.

दुपारी बराड साहेबांनी, क्लासच्या मालकांनी, अंकुर, शिवानी आणि सोनटक्के या तिघांना केबिनमध्ये बोलावलं. पडद्यावर नोंद उघडी होती. आदल्या संध्याकाळी जुना लॉगिन बंद केल्याची, आणि पुढे नाव: मुरलीधर सोनटक्के.

"सर, मैंने नहीं किया. मैंने ही तो सबके सामने पुराना चालू रखने को बोला था," सोनटक्के म्हणाले.

"तो किसने किया? भूत ने?"

अंकुर टेबलाकडे बघत होता. तो बोलणार नाही, हे सोनटक्क्यांच्या लक्षात आलं. ते शिवानीकडे वळले. आदल्या संध्याकाळी ते डोळे तपासून घ्यायला लवकर निघाले, तेव्हा ती काम करत बसली होती आणि अंकुर तिच्या खुर्चीमागे उभा होता. ते दृश्य आता त्यांच्या डोळ्यांसमोर स्पष्ट आलं.

"शिवानी, तुम बताओ," बराड म्हणाले. "तुम तो साथ में काम करती हो."

"सर..." ती थांबली. अंकुरने पेन खाली ठेवलं. तेवढाच आवाज झाला. "सर, अंकल का ही लॉगिन है. वो किसी को देते नहीं."

अंकल. इतके महिने ती काका म्हणत होती.

सोनटक्क्यांचं तोंड उघडलं. पासवर्ड मी हिला दिलाय, एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर पोरीची नोकरी तिथल्या तिथे गेली असती. आणि अंकुर मात्र तसाच राहिला असता, कारण त्याने कुठे काही टाइप केलं होतं? त्यांनी तोंड मिटलं.

"उन बच्चों का पेपर फिर से ले लीजिए," ते म्हणाले. "मेरा जो करना है करो."

बराड हसले. "पेपर दुबारा लूँगा तो पूरा पंजाब पूछेगा क्यों. जिनका रह गया, रह गया. और आप घर जाइए, सोनटक्के जी. कल से मत आना."

केबिनबाहेर अंकुरने त्यांना गाठलं. "अंकल, बुरा मत मानना. जाने से पहले एक नंबर वाला प्रॉब्लम ठीक कर दोगे? आपके सिवा किसी को समझता नहीं." त्याच्या आवाजात लाज नव्हती. गरज होती.

सोनटक्के बसले आणि त्यांनी ते ठीक केलं. पुढच्या परीक्षेला तरी धाकट्या मुली आत जातील, एवढाच विचार त्यांनी केला. शिवानी समोरच्या टेबलावर मान खाली घालून बसली होती. उठताना ते तिच्याजवळ थांबले. तिने वर पाहिलं नाही.

"टोकनची मुदत संपली की नवीन मागून घ्यायचं राहिलंय," ते म्हणाले. "ते तेवढं कर."

घरी रागिणीने सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्यावरच भडकली. "नाव सांगायचं की हो तिचं! आपल्या ताटात जेवली ती!"

"म्हणूनच," सोनटक्के म्हणाले. त्यावर रागिणी त्या दिवशी त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही.

शिवानी रविवारी आली नाही, पुढच्याही नाही. गल्लीतली खोली तिने सोडली, मोहालीला गेली, असं दुधवाल्याकडून कळलं. सोनटक्क्यांनी बऱ्याच ठिकाणी अर्ज केले. मागच्या मालकाला विचारल्यावर बराडांच्या ऑफिसातून काय सांगितलं जातं, ते त्यांना एका मुलाखतीत समजलं, आणि मग त्यांनी अर्ज करणंही कमी केलं. हिवाळा लागला. रागिणी ऑफिसला गेली की ते भाजी निवडायचे, कपडे वाळत घालायचे.

एका रविवारी दोघं जेवायला बसले असताना फोन वाजला. अकोल्याहून शिवानीची आई होती. तिच्याशी ते आजवर कधी बोलले नव्हते.

"भाऊ, तुमचा नंबर पोरीनं घरी ठेवलेल्या जुन्या डायरीत गवसला. म्हटलं, आभार तरी मानावं. शिवानीले बढती भेटली! साहेबाच्या खालोखाल तिचंच नाव हाये म्हंते. तुमच्या हाताखाली शिकली, म्हून झालं हे."

सोनटक्क्यांनी घास ताटात ठेवला. "हुशार आहे ती, वहिनी."

"लय एकटी पडते हो पोरगी तिथं. आता फोनवर बोलतही नाही धड. तुमच्याकडे येते ना रविवारी जेवाले?"

समोर रागिणीचा हात ताटातच थांबला होता. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"येते," सोनटक्के म्हणाले. "आत्ताच जेवून गेली."

पलीकडे आईचा सुस्कारा स्पष्ट ऐकू आला. "मंग काही काळजी नाही," ती म्हणाली.

फोन ठेवून सोनटक्क्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. रागिणीने पिठल्याचं पातेलं पुढे ओढलं आणि त्यांच्या ताटात वाढलं.